जास्तीच्या रिबिनी

बाई, मी कोण ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिथे भिवया वर करून आठवत बसाल आणि शेवटी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्याल. मी शाळेतली मावशी. घंटा देणारी, कपबश्या विसळणारी, तुमची छत्री, तुमचा डबा, तुमची वह्यांची पिशवी घेऊन तुमच्या मागे फाटकापर्यंत पळणारी. एकदा तुम्ही पर्स कपाटात ठेवलीत आणि खडूंचा खोका काखेत मारून घरी गेलात, ते तुम्हाला कुठलं आठवायला. मला आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी रिक्षावाला शाळेत येऊन मलाच विचारत होता, खडूवाल्या मॅडम कुठे आहेत म्हणून. वयाने तुम्ही मोठ्या, तरी मला मावशी म्हणायचात. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या बरीच पुढे निघून आले आहे. त्या हिशेबाने तुम्ही मला आजी म्हणायला हरकत नाही.

मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. मला अक्षर अजून येत नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही पाटी घेऊन मला शिकवायला बसायचात आणि मी पिंपात पाणी भरायचं आहे म्हणून उठायची. पिंप भरलेलंच असायचं, हे तुम्हाला माहीत होतं. नात म्हणजे थोरल्या मुलाची मुलगी. शिकून बाई झाली, तुमच्यासारखीच विज्ञानाची. बदलापूरच्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवते. अजून कायम नाही, तासावर आहे. आत्ता म्हणाली, "आज्जी, हे कशाला सांगायचं त्यांना?" म्हटलं, लिही गो, त्यांच्यापासून काय लपवायचं, त्या उद्या विसरणारच आहेत. हसली थोडी. आठवड्याभरात पहिल्यांदाच हसली, म्हणून मुद्दाम सांगते.

तुमचा तो रिबिनींचा तास, बाई. दरवर्षी पेशी विभाजनाचा धडा आला की तुम्ही दोन बाक मागे सरकवायला मला बोलवायचात आणि फरशीवर खडूने मोठं गोल काढायचात. हे गोल म्हणजे पेशी. त्यात रिबिनी टाकायच्या, ती गुणसूत्रं. मला सुरुवातीला वाटायचं, गुणसूत्र म्हणजे मंगळसूत्राच्या जातीचं काहीतरी असेल, बाईमाणसाने गळ्यात घालायचं. तुम्ही एवढ्या हसलात की खोकला लागला. पहिल्या वर्षी तुम्ही मुलींच्याच वेण्यांच्या रिबिनी सोडून घेतल्या होत्या. सगळ्या एकाच पांढऱ्या रंगाच्या, कुठली कुठे गेली कुणाला कळेना, आणि संध्याकाळी चार आया भांडायला आल्या की पोरीला मोकळ्या केसांनी घरी का पाठवलं. मग तुम्ही मला घेऊन उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात गेलात. लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, प्रत्येक रंगाच्या दोन. तो दुकानदार मापाने कापता कापता म्हणाला, "मॅडम, घर में शादी है?" तुम्ही तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, "शादी नहीं भैया, वाटणी है." तो म्हणाला, "फिर तो कैंची भी ले जाओ." तुम्ही तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून हसलात. मी पिशवी धरून उभी. प्रत्येक रंगाच्या दोन कशाला, हे मी विचारलं नाही. पोरींना दोन वेण्या असतात, म्हणून दोन, असं मी माझ्याच मनाशी ठरवलं. तिथूनच सगळं चुकत आलं असेल.

कारण बाई, तुमचा तो तास मधल्या सुट्टीनंतर लागायचा. सुट्टी संपली की मी नळावर. सगळ्या सरांच्या, बाईंच्या कपबश्या विसळून, फडकं वाळत टाकून मी वर्गाच्या दारात येईपर्यंत रिबिनी गोलात पडलेल्या असायच्या, गुंता झालेल्या. मी दाराला टेकून पुढचं सगळं बघते. तुम्ही गुंता सोडवता, रिबिनी गोलाच्या मधोमध एका ओळीत मांडता आणि विचारता, "ही कुठली अवस्था?" पोरं ओरडतात, "मध्यावस्था!" मग दोन उंच पोरं, म्हणजे पेशीचे दोन ध्रुव, रिबिनींना बांधलेले दोरे हातात घेऊन दोन भिंतींपाशी उभी राहतात, तुम्ही टाळी वाजवता, दोरे ओढले जातात, रिबिनी दोन्हीकडे सरकत जातात. पश्चावस्था. मग तुम्ही दोन ढिगांभोवती दोन गोल काढता आणि मधलं मोठं गोल पायाने पुसता. पायाने, बाई. डस्टर तुमच्या काखेतच असायचं. एकीच्या दोन पेशी, दोन्ही सारख्या. तेवढ्यात माझी घंटेची वेळ व्हायची. म्हणजे मी तो खेळ दरवर्षी पाहिला, पण मध्यंतरानंतरचाच. सुरुवात मी एकदाही पाहिली नाही, आणि सुरुवात असते हेही माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला साडी दिलीत आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून त्या रिबिनी दिल्यात. म्हणालात, "मावशी, ह्या तुमच्याकडेच बऱ्या. माझ्याकडे राहिल्या तर मी कुठे ठेवीन ते मला सापडायचं नाही." घरी येऊन मी डबा उघडला. एकाच रंगाच्या दोन दोन रिबिनी मधोमध सैलशी गाठ मारून एकत्र केलेल्या. मला वाटलं, बाईंनी हरवू नयेत म्हणून बांधल्या असतील. मी गाठी सोडल्या, रिबिनी धुतल्या, पितळेच्या तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. आणि एकसारख्या दोन दोन घेऊन काय करायचं, म्हणून एकेक जास्तीची घरात वापरायला काढली. जांभळी नळाच्या पाइपाला बांधली, ती कुजून गेली. हिरवी पापडाच्या पिशवीला. लाल कुठे गेली देव जाणे. पिवळीने ह्याच पोरीची शेंडी कितीतरी दिवस बांधली. डब्यात उरल्या चार, चार रंगांच्या. त्या मी जपल्या. तुमची आठवण म्हणून जपल्या आणि निम्मी आठवण पाइपाला बांधून टाकली होती.

तुम्ही गेलात तेव्हा मला कळलं दोन महिन्यांनी. त्यानंतर किती वर्षं गेली. शाळेच्या मागची मोकळी जागा गेली, मोरिवलीच्या बाजूचे कारखाने काही बंद पडले, काही वाढले, आमच्या पालेगावात भाताच्या जागी टॉवर आले आणि आम्ही त्यातल्या एकात राहायला गेलो. माझी बढाई मात्र तशीच राहिली. नात धड्याची तयारी करायला बसली की मोबाईलवर ती हलणारी रंगीत चित्रं लावायची. मी पलंगावरून टोचायची. "हे काय शिकवणं? आमच्या बाई बघायला हव्या होत्या. चार रिबिनींत सगळा वर्ग गप्प." दरवर्षी हेच. ती शिकली, परीक्षा पास झाली, नोकरीला लागली, तरी मी तिला सांगत राहिले की तुला काही येत नाही, येत होतं ते आमच्या बाईंना. गमतीत सांगायची. पण पोरगी ती गंमत किती दिवस सहन करणार? शेवटी म्हणाली, "बरं, मग शनिवारी तूच ये माझ्या वर्गात. घेऊन ये तुझ्या रिबिनी. दाखव पोरांना."

मला नाही म्हणायचं होतं? छे. मी नवी साडी काढली.

वर्गात गेले तर पोरं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग आजीऽऽ". मला खुर्ची दिली. मी म्हटलं, बसा, आजी काही पळून जात नाही, तिचे गुडघे तिला जाऊ देणार नाहीत. पोरं खूश. नातीने फरशीवर गोल काढलं. अगदी तुमच्यासारखं गोल नव्हतं, आणि ते मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं हसली, तीही हसली. मी चार रिबिनी टाकल्या, गुंता केला, मग ओळीत मांडल्या, दोन रिबिनींचे दोरे एका पोराच्या हातात दिले, दोन रिबिनींचे दुसऱ्याच्या. नात पुढे होऊन हळू म्हणाली, "आज्जी, आधी ते…" मी म्हटलं, थांब गं, मध्ये बोलू नको. टाळी वाजवली. लाल-पिवळी इकडे, हिरवी-जांभळी तिकडे. दोन गोल काढायला लावले. "झालं. एकीच्या दोन." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बाकावर एक मुलगी होती, बारीकशी, वेणीला काळा रबर. ती हात वर करून उभी राहिली. "आजी, पण ह्याच्यात दोन आणि त्याच्यात दोन, म्हणजे हाफ-हाफ झाले ना? मग परत तुटली तर एक-एक. मग नेक्स्ट टाइमला काय, खतम?"

सगळा वर्ग हसला. तिला नाही, मला. निदान मला तसं वाटलं. आणि बाई, मी त्या पोरीला म्हटलं, "तुझ्या आईचा जन्म नव्हता तेव्हापासून मी हे बघत आलेय. आमच्या मोठ्या बाईंनी असंच शिकवलं. त्यांना चूक म्हणतेस तू? खाली बस." आवाज चढलाच माझा. घंटेची सवय, चढला की शेजारच्या वर्गात जातो.

ती मुलगी म्हणाली, "सॉरी आजी." आणि बसली.

नात खडू हातात घेऊन फळ्याशी उभी होती. एवढी शिकलेली पोरगी, तिच्याच वर्गात, तिच्याच विषयात गप्प. का, तर मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे तिला मीच लहानपणापासून घोकवलं आहे. ती म्हणाली, "आपण हे सोमवारी परत बघू." घरी येताना रिक्षात ती मोबाईल बघत होती. मी तिला म्हटलं, "वर्गाला शिस्त नाही तुझ्या." म्हटलं मी तसं, बाई. लिही, तेही लिही.

सोमवारी तिने सगळं नीट शिकवलं. घरी येऊन मलाही तिने गॅलरीत बसवून शांतपणे सांगितलं. पेशी तुटायच्या आधी आतल्या प्रत्येक सूत्राची, म्हणजे रिबिनीची, तशीच दुसरी तयार करते. मग त्या दोघी मध्ये गाठीने एकमेकींना धरून राहतात. ओढताना ती गाठ सुटते आणि दोघींतली एक इकडे जाते, एक तिकडे. म्हणून दोन्हीकडे लालही असते, पिवळीही असते, हिरवीही, जांभळीही. कुणाच्याच वाट्याला निम्मं येत नाही. "मोठ्या बाईंनी रिबिनी जोडीजोडीने बांधून दिल्या असतील ना तुला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही गो, चारच होत्या." हे आत्ता ती लिहिते आहे आणि माझ्याकडे बघते आहे. हो, आठ होत्या. बघत बसू नको, लिही.

इथपर्यंतही मी निभावून नेलं असतं. म्हातारं माणूस चुकतं, पोरं विसरतात. पण परवा घटक चाचणीचे पेपर तपासताना तिने एक पेपर माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आज्जी, अक्षर येत नसलं तरी हे तुला वाचता येईल." चित्र होतं. चार अवस्था, एकाखाली एक, पट्टी लावून काढलेल्या. रंग भरलेले. शेवटच्या अवस्थेत दोन सुबक गोल आणि एकात लाल-पिवळी, दुसऱ्यात हिरवी-जांभळी. माझ्यासारखंच. अगदी मी फरशीवर मांडलं होतं तसंच. मी विचारलं, कुणाचा पेपर? त्याच मुलीचा. वर्गात ज्या एकट्या मुलीला बरोबर माहीत होतं, तिचा. नातीने तिला बोलावून विचारलं, अगं, तूच तर शंका काढली होतीस, मग असं का काढलंस? ती म्हणाली, "मॅडम, आजी एवढ्या मोठ्या आहेत आणि त्यांना त्यांच्या मोठ्या बाईंनी शिकवलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकत असेल." नातीने सोमवारी नीट शिकवूनसुद्धा. म्हणजे तिच्या शिकवण्यापेक्षा माझं वय जड पडलं, आणि माझ्या वयापेक्षा तुमचं नाव. तुम्हाला ती पोरगी ओळखतसुद्धा नाही, बाई, आणि तुम्हाला मान देण्यासाठी तिने बरोबर असलेलं चूक केलं.

मला आपल्या शाळेतला एक दिवस आठवतो. शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी एक पोरगा वही घेऊन उभा आहे. तुमच्या चहाची वेळ. मी त्याला हाकलते आहे, "जा रे, बाई चहा घेतायत, उद्या ये." तुम्ही कप खाली ठेवून बाहेर येता. त्याची शंका तिथेच दारात उभ्याने सोडवता. तो गेल्यावर मला म्हणता, "मावशी, शंका घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचं असेल तर शाळा बंद करा आणि इथे गोदाम काढा. गोदामात पोती असतात, ती काही विचारत नाहीत." मी चार दिवस रुसले होते. तुमच्या चहात साखर कमी घातली. तुमच्या लक्षातच आलं नाही, एवढ्या विसराळू तुम्ही. पण वर्गात तुम्ही कधी काही विसरला नाहीत. एखाद्या पोराने तुमची चूक काढली तर तुम्ही खडू त्याच्या हातात द्यायचात, स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसायचात आणि म्हणायचात, सांग आता सगळ्यांना. ते बघत मी दारात उभी असायची. ते मात्र मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं आहे, आणि त्यातलं काहीही त्या शनिवारी माझ्या हातून झालं नाही.

नात म्हणते, येत्या शनिवारी तू परत ये आणि तूच सांग. मी दोन दिवस नाहीच म्हणते आहे. गुडघे दुखतात, साडी धुवायला टाकली आहे, रिक्षा मिळत नाही. कारणं मला पूर्वीपासून चांगली सुचतात, पिंपाची तुम्हाला माहीत आहेच. खरं कारण हे की तिथे जाऊन मला चुकले म्हणायला लागेल, आणि मी असं मोठ्याने कधी म्हटलेलं नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही, ह्या पोरीला तर नाहीच.

आता एक सांगते, ते तुम्हाला, आणि लिहिता लिहिता हिलाही कळेल. एका वर्षी तुमचा तो एक उंच पोरगा आजारी होता. तुम्ही दारात बघितलंत आणि म्हणालात, "मावशी, या, तुम्ही ध्रुव." माझ्या हातात दोरे दिलेत. मी पदर खोचून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. टाळी वाजली, मी ओढलं, आणि दोऱ्यांना आधी हिसका बसला. काहीतरी धरून होतं, मग सुटलं, आणि रिबिनी माझ्याकडे धावत आल्या. एवढासा हिसका. बोटांना कळला, मला कळला नाही. मला वाटलं, गुंता असेल.

त्या शनिवारी बदलापूरला मी दोरे धरलेल्या एका पोराच्या हातावर हात ठेवून दोरा ओढून दाखवला. हिसका बसला नाही. रिबिनी नुसत्याच फरशीवरून सरकत आल्या. त्याच वेळी मला कळलं की काहीतरी राहिलं आहे. काय राहिलं ते माहीत नव्हतं, पण राहिलं आहे एवढं कळलं. ती मुलगी उठायच्या आधी, बाई. तिने हात वर करायच्याही आधी. आणि तरी मी तुमचं नाव पुढे केलं.

हिचं पेन थांबलं आहे. लिही गो. असू दे.

हा कागद टपालात टाकायचा नाही. तुमच्या नावाने पाठवला तर तुम्ही तो कुठेतरी ठेवाल आणि सापडायचा नाही. घरातच राहू दे. आणि आता हे तुम्हाला नाही, हे हिला सांगते. उद्या सकाळी निघताना त्या मुलीसाठी डबा घेऊन जा. भोपळ्याच्या घाऱ्या पाठव, मी पहाटे करून ठेवीन. पुरणपोळी नको, ती सणाची वाटते. तिच्या बाकावरच्या दोघींनाही पुरतील एवढ्या ने, नाहीतर ती लाजून डबा उघडणार नाही. बरोबर लिंबाचं लोणचं दे थोडं. तिला आधी खाऊ दे. मग सांग की आजी शनिवारी येणार आहे.